भेट देणाऱ्याचे नाव

५ ऑक्टोबर १९६९, रविवार. चिंचवड.

उपासनेला एकोणीस माणसे. गेल्या रविवारी तेवीस होती. उपदेश पस्तीस मिनिटे, विषय धीर. पुढच्या बाकावरचे तिघे झोपले. सुलोचना म्हणते, नाइट शिफ्ट संपवून घरी न जाता तसेच आले होते बिचारे, आले याचेच कौतुक करा. करतो. पण त्यातला एक घोरत होता.

उपासना संपली की लोक माझ्याशी हात मिळवतात आणि जाऊन तिच्याशी बोलतात. आज घड्याळ पाहिले. माझ्याजवळ सगळे मिळून चार मिनिटे. तिच्याभोवती सव्वा तास, शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवीपर्यंत. (रविवारपुरता वर्ग मिळतो, तोही उपकार.) तोवर मी हार्मोनियमला खोळ घातली, बाके सरळ केली. मग पुन्हा सरळ केली.

६ ऑक्टो., सोम.

नगरच्या मंडळाने आम्हाला इथे पाठवून चौदा महिने झाले. खरे म्हणजे पाठवले मला. एकतीस वर्षे मिशनच्या शाळेत, त्यातली अकरा हेडमास्तर. निवृत्तीनंतर ओसरीवर खोकत बसण्यापेक्षा कारखान्यांत आलेल्या आपल्या लोकांत सेवा करावी, ही हाक मला आली. गुडघे टेकून मी सुलोचनेला ते सांगितले. ती म्हणाली, "स्टोव्ह न्यायचा की तिथे आहे?"

तेव्हा हाक कोणाला होती हे स्पष्ट आहे. ती सोबत आली. (यापुढे सु. लिहीन. नाव लांब आहे आणि फार वेळा येते.)

७ ऑक्टो., मंगळ.

सकाळी अकराला याकोबकडे भेटीस गेलो. धुतलेले धोतर, कोट, पवित्र शास्त्र बगलेत. दार वाजवले. उघडेना. पुन्हा वाजवले, हेडमास्तर वाजवतो तसे. शेवटी याकोब बनियनवर, डोळे लाल. "मास्तर, थर्ड शिफ्ट हाय वो. आत्ता डोळा लागला व्हता." मी म्हटले दोनच मिनिटे, आणि उतारा वाचला. थोडा मोठा निघाला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभ्या उभ्या झोपला.

घरी आल्यावर सु.ला सांगितले नाही. तिला आधीच कळले होते. नळावर बायका बोलतात.

८ ऑक्टो.

नेहमीप्रमाणे संध्याकाळी तक्ता भरला. मंडळाचा छापील तक्ता आहे, दर आठवड्याला नगरला जातो. रकाने पाच: तारीख, कुटुंब, भेट देणाऱ्याचे नाव, वाचलेला उतारा, प्रार्थना केली किंवा कसे.

मी विचारतो, "आज कुठे गेली होतीस?" सु. कणीक तिंबत सांगते. आज चार घरे. मी लिहून घेतो आणि तिसऱ्या रकान्यात माझे नाव घालतो. पतिपत्नी एकदेह आहेत असे शास्त्रच सांगते, तेव्हा तिची भेट ती माझी भेट. ती कोणाच्या घरी जाऊन काही वाचत नाही, म्हणून उतारेही मीच शोधून घालतो. रकाना रिकामा दिसणे बरे नाही. हे पहिल्या महिन्यापासून असेच आहे आणि ती कधी काही बोललेली नाही.

प्रार्थना केली किंवा कसे: केली. ती मी तक्ता भरताना मनात करतो.

१२ ऑक्टो., रवि.

सतरा. उन्हाने वर्गाचे पत्रे तापले होते.

परतताना नाक्यावर भाजीवाला मला पाहून दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "हे बाईंचे मिस्टर." अकरा वर्षे ती हेडमास्तरीण होती. कोणी तिचे नावसुद्धा विचारत नसे. आता मी बाईंचा मिस्टर.

मला हेवा वाटतो. लिहून टाकले. उद्या खोडीन.

१३ ऑक्टो.

खोडले नाही.

१८ ऑक्टो., शनि.

रूबेनच्या बायकोने, मार्थाने, सु.ला दार उघडले.

रूबेन कधीमधी एकटा उपासनेला येतो. पावसाळ्यात त्यांचे चार महिन्यांचे मूल गेले. गावी माती देऊन आले तेव्हापासून मार्था दार लावून बसते. कोणाशी बोलत नाही. सु. दीड महिना जात होती आणि बंद दाराला "येते गं" म्हणून परत येत होती. आज उघडले.

मी विचारले, "काय म्हणालीस तिला?"

"काही नाही. मेथी निवडत होती. मी पण बसले."

"शब्दाने काही?"

"मेथी फार कोवळी आहे, एवढं म्हटलं."

चौदा महिन्यांत मी साठ तरी उपदेश केले असतील. एकानेही दार उघडले नाही. आणि इथे मेथी.

तक्त्यात लिहिले: मार्था रू. सांत्वनाचा उतारा वाचला. प्रार्थना केली. बाई सद्गदित झाली.

२४ ऑक्टो., शुक्र.

दसऱ्याचे सोने अजून खिडकीत वाळते आहे. शेजारपाजारच्या नऊ जणांनी तिला आपट्याची पाने दिली. मला दोघांनी. त्यातला एक घरमालक.

२९ ऑक्टो., बुध.

नगरहून पत्र. पाळकसाहेब स्वतः येणार. १५ तारखेला मुक्काम, १६ ला कापणीचा सण. पुढे मजकूर असा की, आपले तक्ते मंडळात मोठ्याने वाचले गेले. विशेषतः मार्थाबाईंची भेट ऐकून काहींचे डोळे पाणावले. तरी ३० नोव्हेंबरच्या नगरच्या वार्षिक मेळाव्यात 'गृहभेटींचे काम: माझा अनुभव' या विषयावर आपणच बोलावे. आमची मुदतही दोन वर्षे वाढवायचा विचार आहे, तो मेळाव्यात ठरेल.

दोनदा वाचले. मग सु.ला वाचून दाखवले. ती तव्यावर भाकरी उलटत होती.

"बरं झालं," म्हणाली.

"काय बरं झालं?"

"पत्र आलं ते."

मार्थाच्या ठिकाणी मी जरा घाईने वाचले. ती घाई तिच्या लक्षात आली असेल का?

आज भूक चांगली लागली. हे मान्य करतो.

२ नोव्हें., रवि.

बावीस. पाळकसाहेब येणार हे पसरले आहे.

दुपारी भाषणाला बसलो. प्रस्तावना छान जमली. पुढे 'भेटीची पद्धत' हा मुद्दा घेतला आणि अडलो. पद्धत काय? सु.ला सहज विचारल्यासारखे विचारले, तू कोणत्या घरी केव्हा जायचे ते कसे ठरवतेस?

ती म्हणाली, "त्यांच्या शिफ्टा बघते." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हात केला.

कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक आकडे असतात, एक, दोन, तीन. चौदा महिने मी समजत होतो तो दुधाचा हिशेब आहे. एक म्हणजे फर्स्ट शिफ्ट, नवरा कामावर, बाई घरी एकटी, सकाळी जावे. दोन असेल तर संध्याकाळी. तीन असेल तर दुपारी दाराशीसुद्धा फिरकू नये, माणूस झोपलेला असतो. प्रत्येक घराची खूण वेगळी. आठवड्याला शिफ्ट बदलते, तशी खूण बदलते. भोंगा झाला की ती मान वर करून कॅलेंडर बघते. मला वाटे किती वाजले ते बघते.

मी रोज त्याच कॅलेंडरसमोर दाढी करतो.

भाषणात लिहिले: 'कामगारबंधूंच्या पाळ्यांचा अभ्यास करून मी एक कोष्टक तयार केले.' वाचायला छान वाटले. मग पाणी प्यायला उठलो.

१० नोव्हें., सोम.

दिवाळी. फराळाची सात ताटे आली. प्रत्येकाबरोबर "बाईंना द्या" असा निरोप. मी दार उघडून घेतली आणि बाईंना दिली. चकली चांगली होती.

१५ नोव्हें., शनि.

पाळकसाहेब (पुढे पा.सा.) आले. थंडी पडू लागली आहे, त्यांना माझी शाल दिली. जेवताना म्हणाले, "मास्तर, उद्या सण झाला की मला मार्थाबाईंकडे घेऊन चला. तुमच्याबरोबर बसून एक प्रार्थना करायची आहे."

मी म्हटले, जरूर.

सु. वाढत होती. तिने माझ्या ताटात न मागता दुसरी भाकरी टाकली.

मला रूबेनची खोली माहीत नाही. स्टेशनच्या पलीकडच्या पत्र्याच्या चाळी, एवढेच ठाऊक. सु.ला विचारायला हवे. विचारीन सकाळी.

१६ नोव्हें., रवि.

विचारले नाही. अहंकार, दुसरे काही नाही. आता जे झाले ते क्रमाने लिहितो.

कापणीचा सण बरा झाला. एकेचाळीस माणसे. गावाकडे या सणाला लोक बाजरीची कणसे, ज्वारीची पेंढी वेदीपुढे आणून ठेवतात. इथे कोणाचे शेत? सु.ने दोन महिन्यांपूर्वीच घरोघरी बिया वाटल्या होत्या. (मला तक्त्यात ते कुठल्या रकान्यात घालावे कळले नव्हते, म्हणून सोडून दिले.) आज डालड्याच्या डब्यातली मेथी आली, पत्र्यावर चढवलेल्या वेलाचा भोपळा आला, मोरीच्या पाण्यावरचे अळू आले. याकोबने तीन मिरच्या आणल्या, रोपासकट. पा.सा.ना गहिवरून आले. मला म्हणाले, "मास्तर, काय कल्पना आहे तुमची!" मी भोपळ्याकडे बघत राहिलो.

सण झाल्यावर सु. बायकांबरोबर भांडी घासत होती. मी पा.सा.ना घेऊन निघालो, मुद्दाम, ती यायच्या आत. मनात असे की विचारत विचारत जाऊ, खोली सापडेल, पा.सा.ना दारात सोडून मागे उभा राहीन, निभेल.

रूळ ओलांडले. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, पुन्हा पहिली. सगळ्या चाळी एका छापाच्या. पा.सा. दम लागून म्हणाले, "मास्तर, आपण हे लुगडे वाळत घातलेले मघाशी पाहिले नाही का?" सायकलदुरुस्तीच्या दुकानातून उस्मानभाई आम्हाला तिसऱ्यांदा बघत होता. पान्हा खाली ठेवून उठला.

"तुम्ही बाईंचे मिस्टर ना? मार्थाकडे जायचं असेल. बाई रोज इथूनच जातात. ही नाही, पलीकडची गल्ली, निळा दरवाजा." मग पा.सा.कडे वळून, "मास्तर कभी आए नहीं ना इधर, इसलिए."

पा.सा. चालू लागले. तेवढ्यात मागून सु. आली, हात ओलेच. धावत आली असावी, धाप लागली होती. ती पुढे झाली, आम्ही मागे.

दार मार्थाने उघडले. विशीतली पोर, चेहरा सुकलेला. सु.ला बघून हसली. मग माझ्याकडे बघितले.

"ह्ये कोन, बाई?"

पाळकसाहेबांसमोर. ज्या घरी तक्त्यानुसार मी पाच वेळा उतारा वाचला, त्या घरी.

सु.ने एक श्वास घेतला. म्हणाली, "हे आमचे. मी आत बसते ना, तेव्हा हे बाहेर उभे राहून प्रार्थना करतात. बाईमाणसाच्या घरात शिरायचं नाही म्हणून."

ती कधी खोटे बोलत नाही. सदतीस वर्षांत एकदाही नाही. माझ्यासाठी बोलली, तेही इतके सफाईने.

पा.सा.नी माझे दोन्ही हात धरले.

१७ नोव्हें., सोम.

पा.सा. सकाळच्या गाडीने गेले. जाताना म्हणाले, "ते गल्लीत उभे राहण्याचे मेळाव्यात अवश्य सांगा. आजकाल असा विनय कुठे आहे?"

शाल त्यांच्याबरोबर गेली. मागायचा धीर झाला नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

तक्ता घेऊन बसलो. विचारले, "आज कुठे गेली होतीस?"

सु. कणीक तिंबत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्हीच सांगा, कुठे गेलो आपण."

तक्ता मिटून ठेवला.

आवाज चढला असता तर बरे झाले असते. मी चढ्या आवाजाला उत्तर देऊ शकतो, सवय आहे.

२० नोव्हें., गुरु.

कॅलेंडर पाहिले. रूबेन: एक. म्हणजे सकाळी. सु. निघाली, मागोमाग मीही निघालो. पन्नास पावले अंतर ठेवून. तिने मागे बघितले नाही, पण रुळाजवळ थांबली, मालगाडी जाईपर्यंत, आणि नंतरही जरा थांबली.

ती निळ्या दरवाज्यात शिरली. मी बाहेर उभा राहिलो. कशासाठी? ती खोटी पडू नये म्हणून, असे मी स्वतःला सांगितले. प्रार्थना करायचा यत्न केला. समोरच्या घरातली म्हातारी विचारून गेली, मोजणीवाले का तुम्ही?

२१ नोव्हें., शुक्र.

पुन्हा. आतून लाटण्याचा आवाज. पापड असावेत. सु.चे बोलणे ऐकू येत नव्हते. सूर तेवढा येत होता. तो सूर मला ओळखीचा वाटला आणि बराच वेळ आठवेना. मग आठवले. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षे, शाळेमागच्या खोलीत, ती माझ्याशी त्या सुरात बोलत असे. मी वह्या तपासत असे. हूं हूं करत असे.

२२ नोव्हें., शनि.

आज आत सु. हसली. मोठ्याने. मग मार्थाही हसली. मूल गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असेल, तर ही आनंदाची गोष्ट आहे, मंडळाला कळवावी अशी. मला आनंद झाला नाही. माझ्या घरात असे हसणे कित्येक वर्षांत झालेले नाही.

इतके दिवस वाटत होते की मला सु.चा हेवा वाटतो, लोक तिच्याकडे जातात याचा. तो आहेच. पण आज गल्लीत उभा असताना कळले, मला त्या मार्थाचा हेवा वाटतो. त्या याकोबच्या बायकोचा. कॅलेंडरवर खूण असलेल्या प्रत्येक घराचा. माझ्या घराची खूण कॅलेंडरवर नाही.

वय सहासष्ट. हे लिहायला लाज वाटते.

२५ नोव्हें., मंगळ.

मार्था बाहेर आली. "मास्तर, उनात का हुबं? आत या की."

"मी इथंच बरा."

ती आत गेली आणि सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. "मंग रिकामं हुबं राहू नका. हे फोडा." मी पायरीवर बसून शेंगा फोडल्या. उस्मानभाई पलीकडून बघत होता. त्याने सलाम केला, मीही केला.

सूप परत न्यायला आली तेव्हा म्हणाली, "बाई तुमचंच सांगत असत्यात."

"काय सांगतात?"

"आता काय सांगू," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

काय सांगत असेल? दिवसभर दुसरे काही सुचले नाही. सु.ला विचारता येत नाही. विचारले तर सांगणार नाही, आणि सांगितले तर ऐकवणार नाही कदाचित.

दाणे निम्मे फुटले होते म्हणे. मार्थाने कूट केले.

२८ नोव्हें., शुक्र.

परवा मेळावा. भाषण तयार आहे. नऊ पाने, 'मी' सत्तेचाळीस वेळा. मोजले.

दुपारी तक्त्याचा कोरा कागद घेतला आणि ऑक्टोबर महिना नव्याने भरला. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीत तिचे नाव. हात जड झाला होता, हे कबूल. याकोबची ७ तारखेची भेट तेवढी माझी, ती माझ्याच नावावर ठेवली. त्या महिन्यातली एकमेव.

सु. मागे येऊन उभी राहिली ते कळले नाही. चष्मा नाकावर आणून तिने कागद पूर्ण वाचला. तिला वाटेल तितका वेळ घेतला.

"उतारे पण खोडा," म्हणाली. "मी काही वाचलं नव्हतं."

"मग त्या रकान्यात काय लिहू?"

"मेथी."

मला वाटले चेष्टा आहे. चेहऱ्यावर तसे काही नव्हते. उतारे खोडले. लिहिले: मेथी. पुढच्या ओळीत: पापड. मग तांदूळ निवडणे, गोधडीचा टाका, पुन्हा मेथी. आठवून आठवून ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. वाचलेला उतारा: डोक्यातल्या उवा. मंडळात हे मोठ्याने वाचले गेले तर काय होईल?

हे सांगितले तर मुदत वाढणार नाही. बहुधा परत बोलावतील. मी ओसरीवर जाईन, ते एक वेळ चालेल. पण ती? कॅलेंडर कोणाच्या भिंतीला लावणार?

आणि नाही सांगितले तर सगळे राहते. काम, खोली, निळा दरवाजा. फक्त ती माझ्यासाठी आणखी दोन वर्षे खोटी राहील. हे सोयीचे कारण मला फार लवकर सापडले, हेही नोंदवतो.

२९ नोव्हें., शनि.

भाषण दुसरेही लिहिले. एक पान. त्यात 'मी' दोनदा.

दुसऱ्या कागदाबद्दल सु.ला बोललो नाही. बॅग भरत होतो. ती आपले जांभळे पातळ घेऊन आली, घडी घातली आणि माझ्या धोतरावर ठेवले.

"तू येतेस?"

"येते. मार्थाला सांगून आले, सोमवारी भेटू म्हणून. तुम्ही आत बोला, मी बाहेर उभी राहीन."

"बाहेर कशाला? आत बस की. पुढच्या बाकावर."

"ते तुमचं ऐकून ठरवीन," म्हणाली. "खिडकी असेलच."

राग नव्हता. हसूही नव्हते. बॅगेचे बक्कल लागेना, तिने गुडघा ठेवून लावले. मग कॅलेंडरपाशी गेली, पेन्सिल घेतली आणि उद्याच्या चौकोनात काहीतरी खूण केली. ती आत गेल्यावर जाऊन पाहिली. एक, दोन, तीन यांपैकी काही नाही. नुसते एक टिंब. कोणाच्या घराचे, ते तिने सांगितले नाही.

पहिली बस पावणेसहाला. दोन्ही कागद कोटाच्या खिशात आहेत, एकाच.